बेळगावातील एक जुने बंदूक-दुकान, आजोबांची दुनळी आणि बाकावरचे भाव

खानापूर तालुक्यात जांबोटीच्या पुढे कणकुंबीच्या वाटेवर आमचे गाव आहे, आणि त्या पट्ट्यातला पाऊस ज्याने अनुभवला आहे त्याला घरात लोखंडाची वस्तू सांभाळणे म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागणार नाही. आजोबांनी १९६२ साली घेतलेली बारा बोअरची दुनळी बंदूक आमच्या घराने साठ पावसाळे तेलाच्या फडक्यात गुंडाळून जपली. गेल्या वर्षी ती रीतसर माझ्या नावावर झाली आणि तिची तपासणी व दुरुस्ती करून घ्यावी म्हणून मी बेळगावच्या बाजारपेठेतील एका जुन्या बंदूक-दुकानात चार खेपा घातल्या. त्या खेपांत दुकानाचे काम, कारागिराचा हात, बिलाचा हिशेब आणि तिथल्या बाकावर रोज भरणारी जुन्या शिकाऱ्यांची बैठक यांचा जो अनुभव आला, तो वारशाने बंदूक मिळालेल्या आणि तिचे पुढे काय करावे हे न सुचलेल्या आपल्या भागातील मंडळींच्या उपयोगी पडेल असे वाटल्याने लिहीत आहे. दुकानाचे नाव मुद्दाम देत नाही. ज्यांच्याकडे परवाना आहे त्यांना ते ठाऊक असतेच, आणि ज्यांच्याकडे नाही त्यांना त्याची गरज नाही.

दुकान अरुंद आणि खोल आहे. पुढे काचेचे सागवानी कपाट, त्यामागे गल्ला, गल्ल्यामागे लोखंडी दाराची खोली आणि अगदी मागच्या बाजूला, जिथे दिवसाही दिवा लागतो तिथे, मिस्त्रींचे टेबल. भिंतीवर भेकराचे एक धुळकट मुंडके आहे, ज्याचा एक काचेचा डोळा कधीच निखळला आहे. कपाटात एके काळी विलायती काडतुसांच्या रंगीत पेट्या मांडलेल्या असत, असे मालक सांगतात; आता तिथे पुण्याजवळच्या खडकी कारखान्यातील काडतुसे, एअरगनचे छर्रे आणि नळी साफ करायच्या सळ्या दिसतात. मागच्या खोलीत मात्र बंदुका पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या बहुतेकींच्या चापाला दोऱ्याने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली आहे. या बंदुका दुकानाच्या नव्हेत, लोकांनी जमा केलेल्या आहेत. कुणाचा मुलगा परदेशी गेला, कुणाच्या परवान्याचे नूतनीकरण राहिले, आणि २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाकडे तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवण्याची मर्यादा आल्यावर ज्यांच्याकडे तीन होत्या त्यांना एक सोडावी लागली.

बाकावर रोज येणाऱ्यांपैकी एक निवृत्त गृहस्थ अशाच एका तिसऱ्या बंदुकीचे धनी आहेत. त्यांनी ती विक्रीसाठी ठेवली आहे, पण दुपारी चारला येऊन ते अशा कोपऱ्यात बसतात की दार उघडले की ती नजरेस पडावी. एखादे गिऱ्हाईक तिची चौकशी करू लागले की मालक त्यांच्याकडे पाहतात आणि ते भाव पाच हजारांनी वाढवतात. माझ्या चार खेपांत ती बंदूक पंधरा हजारांनी महाग झाली.

आता मूळ कामाकडे येतो. मिस्त्री साठीच्या पुढचे आहेत, कमी बोलतात, आणि बंदूक हातात घेतल्यावर तर मुळीच बोलत नाहीत. त्यांनी प्रथम ती बिजागरीतून उघडून दोन्ही नळ्या दिव्याकडे धरून आत पाहिले, मग पुन्हा मिटवली, पुढची लाकडी पट्टी काढून ठेवली आणि दस्ता काखेत दाबून नळ्या हलक्या हाताने डावीकडे उजवीकडे हलवल्या. मला काहीच जाणवले नाही. त्यांनी माझा अंगठा नळ्या आणि मागचा लोखंडी ठोकळा यांच्या सांध्यावर ठेवला आणि पुन्हा हलवल्या, तेव्हा बोटाखाली अगदी बारीक ठकठक लागली. नंतर बिडीच्या बंडलावरचा कागद त्या फटीत सरकवून त्यांनी बंदूक मिटवली आणि कागद सहज ओढून बाहेर काढला. ‘‘बघितलासा न्हवं? ह्यो कागद अडकायला पायजे. बिजागरी ढिली झालीय,’’ एवढेच ते म्हणाले.

आमच्या घरात या बंदुकीला नेहमी ‘इंग्लिश बंदूक’ म्हटले जाई. नळ्यांच्या वर एक इंग्रजी वाटणारे नाव कोरलेले आहे आणि त्या नावाचा आजोबांना फार अभिमान होता. मिस्त्रींनी नळ्या वेगळ्या करून उलट्या धरल्या, चिंधीने तेल पुसले आणि भिंग माझ्या हातात दिले. नळ्यांच्या पोटाशी, जिथे कुणी कधी पाहत नाही तिथे, एका अंडाकृती चौकटीत ई.एल.जी. ही अक्षरे होती. ती बेल्जियममधील लिएज शहराच्या तपासणी-घराची खूण. त्या काळी लिएजहून इंग्रजी थाटाची नावे कोरलेल्या बंदुका जगभर जात, आणि त्यांतली एक फिरत फिरत आमच्या माडीवर येऊन पोचली होती. बिनधुराच्या दारूसाठी चाचणी झालेल्या बेल्जियन नळीवर सिंहाच्या चित्राखाली पी.व्ही. अशी अक्षरे असतात. ती अक्षरे आमच्या नळ्यांवर कुठेच नव्हती. म्हणजे ती बंदूक जुन्या काळ्या दारूच्या काडतुसांसाठी केलेली होती आणि आजच्या काडतुसाचा दाब तिच्या नळ्यांना झेपेल याची हमी कुणीच दिलेली नव्हती.

याहून मोठा उलगडा पुढच्या लाकडी पट्टीखाली झाला. पंधरा वर्षांपूर्वी दुसऱ्या एका शहरातील कारागिराने या नळ्या पॉलिश पेपरने घासून आरशासारख्या चकचकीत करून दिल्या होत्या आणि त्याबद्दल वडिलांनी त्याला वर बक्षिसीही दिली होती. पट्टीखालच्या वीतभर भागापर्यंत मात्र त्याचा पेपर पोचला नव्हता. तिथे नळीच्या अंगावर तपकिरी आणि काळ्या रेषांची बारीक नागमोडी नक्षी शाबूत होती, एखाद्या जुन्या पैठणीच्या काठासारखी. ही दमास्कस पद्धतीची नळी. लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या पिळून, गजाभोवती गुंडाळून, तापवून एकजीव करून ती घडवत. म्हणजे ती एकसंध पोलादातून कोरलेली नसते, तिच्या अंगात असंख्य सांधे असतात आणि गंज त्या सांध्यांतूनच आत शिरतो. मिस्त्रींनी नळ्या खाली ठेवल्या आणि मालकांना हाक मारून सांगितले, की या बंदुकीला काडतुसे द्यायची नाहीत.

इथे या दुकानाला माझे पूर्ण गुण आहेत. मी काडतुसांची पेटी घ्यायला आलो होतो, परवान्यावर काडतुसांची संख्या मंजूर होती, पैसे खिशात होते, आणि एवढी महागडी पेटी विकायला दुकानदाराला कायद्याची कसलीच आडकाठी नव्हती. त्यांनी ती विकली नाही. आजोबांनी याच बंदुकीने बारा वर्षे बार काढले, हे मी सांगितल्यावर मिस्त्री म्हणाले, ‘‘त्येंचं नशीब थोर म्हणायचं. बिजागरी उगंच ढिली झालीया काय?’’ त्यांनी पितळी मापाने काडतुसाच्या खोबणीची लांबी मोजून दाखवली. ती ६५ मिलिमीटरच्या काडतुसाची होती आणि कपाटातली काडतुसे ७० मिलिमीटरची. असे लांब काडतूस जुन्या खोबणीत बसल्यासारखे दिसते, पण बार उडाल्यावर त्याचे तोंड पुरते उघडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो. घरी आजोबांची दुनळी असलेल्या प्रत्येकाने एवढे एक माप तरी काढून घ्यावे.

मिस्त्रींचे काम चालू असताना मी बाकावर बसे, आणि बाकाचा विषय दुसरा नसे. भाव हाच पहिला विषय. ‘‘मुंबई राज्यात हुतो न्हवं, तवा…’’ अशी सुरुवात झाली की समजावे, १९५६ च्या आधीचे भाव निघाले. साठसत्तर वर्षांपूर्वी काडतूस आण्यांत मिळे की पैशांत यावर वाद होत, विलायती दुनळी अमक्याने बैलजोडीच्या किमतीत घेतली आणि तमक्याने म्हशीच्या, असे दाखले येत, आणि प्रत्येक दाखल्याच्या शेवटी आताच्या भावाचा उद्धार होई. आताची देशी दुनळी मालकांनी लाखाच्या आसपास सांगितली आणि बारा बोअरचे एक काडतूस नव्वद रुपयांना, तेव्हा बाकावरून एकच सुस्कारा निघाला. त्यात मीही सामील झालो, हे कबूल केले पाहिजे.

तिसऱ्या खेपेला मात्र मी आजोबांची वही बरोबर नेली. लाल पुठ्ठ्याची, शेतीच्या जमाखर्चाची ती वही. त्यात १९६२ च्या पानावर बंदुकीचे ४२५ रुपये मांडले आहेत आणि खाली, ‘काडतुसे २५ नग, रु. १७.५०’. म्हणजे एका काडतुसाला सत्तर पैसे. बाक खूश झाला. पण त्याच पानावर, दोन ओळी सोडून, भाताच्या लावणीला आलेल्या गड्यांची मजुरी आहे, आणि ती सव्वा रुपया रोज अशी आहे. एक काडतूस म्हणजे गड्याचा अर्ध्या दिवसाहून अधिक घाम, आणि ती बंदूक म्हणजे त्याच्या तीनशे चाळीस दिवसांची मजुरी. आज आमच्या गावात गडी पाचशेच्या खाली मिळत नाही. त्या हिशेबाने नव्वद रुपयांचे काडतूस मजुरीच्या पाचव्या हिश्श्यातही येते आणि लाखाची दुनळी दोनशे दिवसांत. त्याच वहीत आत्याच्या लग्नाचे सोनेही आहे, तोळ्याला सुमारे १२० रुपये. बंदुकीच्या पैशात साडेतीन तोळे आले असते. आजच्या भावाने त्या सोन्यात एक नव्हे, निदान तीन नव्या दुनळ्या येतील. हे मी वाचून दाखवले तेव्हा बाक काही क्षण गप्प झाला, आणि मग एक जण म्हणाले, ‘‘तरी बी सर, तवाचं पैशाला वजन हुतं.’’ यावर उत्तर नव्हते, कारण वजन होते म्हणूनच ते पैसे आमच्या गावात चार घरांतच होते. काडतूस स्वस्त असते तर गड्याच्या खांद्यावरही बंदूक दिसली असती. त्याच्याकडे फार तर ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू ठासून भरायची बंदूक असे, आणि शिकारीत तो हाका घालून जनावर उठवायला असे.

वहीची शेवटची पाने शिकारीची आहेत आणि ती मी बाकावर वाचली नाहीत. आजोबा दर वर्षाच्या शेवटी किती बार गेले आणि काय पदरात पडले ते लिहून ठेवत. काडतुसाला सत्तर पैसे मोजणारा माणूस हिशेब ठेवणारच. पहिल्या वर्षी अकरा ससे, चार भेकरे, दोन डुकरे आणि ‘कोंबड्या बऱ्याच’ असे आहे. १९६८ ला भेकर एक. १९७३ ला ससे दोन, डुक्कर एक आणि बाकी शून्य, आणि त्यापुढे त्यांच्या अक्षरात ‘रान मोकळे झाले’ असे तीन शब्द. पुढच्या वर्षी त्यांनी बंदूक माडीवर टांगली ती कायमची. वाड्यावर वाटे पडत, शेजाऱ्यापाजाऱ्यांना हिस्सा जाई, शिमग्याच्या शिकारीला पाहुणे येत, हे सगळे आमच्या आजीकडून मी ऐकले आहे आणि ते खोटे नाही. त्या काळात खरोखर फुकट मिळणारी गोष्ट एकच होती, ती म्हणजे जनावर. म्हणून ते संपले.

बाकाचे म्हणणे असे, की शिकार ‘इंदिराबाईंनी एका रात्रीत बंद केली’. तसे घडलेले नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पुष्कळ प्राण्यांना संरक्षण दिले, पण ठरावीक प्राण्यांच्या शिकारीसाठी परवाने देण्याची तरतूद त्यात शिल्लक होती. ती १९९१ च्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आली. आज पिकात शिरलेल्या रानडुकरावरही अधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय बार काढता येत नाही, मग बंदुकीचा परवाना कितीही पक्का असो. ऊस आणि भात करणाऱ्या आमच्यासारख्यांना डुकरांचा आणि गव्यांचा त्रास काय आहे ते मी जाणतो, आणि बाकावरच्या रागात तेवढा भाग न्यायाचा आहे. पण खानापूर तालुक्यात २०११ साली भीमगड अभयारण्य झाले आणि माझ्या मुलीने कणकुंबीच्या रस्त्यावर पहाटे जे सांबर पाहिले, ते आजोबांच्या वहीत शेवटच्या सहा वर्षांत एकदाही नाही. आणखी एक तक्रार बाकावर हमखास निघते, की कोडगूतल्या (कूर्गमधल्या) लोकांना परवान्यातून सूट आणि आपल्याला नाही. सूट आहे हे खरे. कोडव समाज आणि तिथले जम्मा, म्हणजे वंशपरंपरेने आलेल्या जमिनीचे धारक यांना ती परंपरेने मिळालेली आहे. ती खानापूरला का लागू व्हावी, हे मात्र कुणी सांगत नाही.

आता दुकानाच्या उणिवा. आठ दिवसांचा वायदा होता, काम पाच आठवड्यांनी हाती आले. फोन उचलला जात नाही. उचलला तर गल्ल्यावरचा तरुण ‘‘मिस्त्री आल्यावर सांगतो’’ म्हणून ठेवून देतो, आणि मिस्त्री तर त्याच्या पाठीमागे बसलेले असतात. मी दोनदा जांबोटीच्या बसने येऊन रिकाम्या हाताने परतलो. पट्टीचा एक मूळ स्क्रू हरवला आणि त्या जागी नवा, डोक्याला चकाकी असलेला स्क्रू बसवला गेला. मी दाखवल्यावर त्यांनी तो बदलला नाही, फक्त काळा करून दिला. एवढ्या जुन्या वस्तूवर तो अजून माझ्या डोळ्यांत खुपतो.

काम मात्र चोख झाले. दस्त्याच्या मनगटाशी, म्हणजे मुठीत धरतात त्या बारीक भागाशी, गेलेली चीर त्यांनी आतून पितळी खिळी घालून अशी बुजवली की बोट फिरवले तरी लागत नाही. दोन्ही घोड्यांच्या स्प्रिंगा मोकळ्या केल्या, नळ्यांतला गंज जितका काढणे योग्य होते तितकाच काढला आणि खड्डे तसेच ठेवले. बिजागरी घट्ट करता येईल का असे मी विचारले, तर करता येईल पण मग तुम्हाला बार काढायचा मोह होईल, म्हणून करत नाही, असे उत्तर मिळाले. नळ्यांना पुन्हा काळा रंग चढवण्याचा आग्रह गल्ल्यावरून झाला, मिस्त्रींनी मान हलवून नको म्हटले आणि मी त्यांचे ऐकले. एकूण बिल ४,८०० रुपये झाले, पक्की पावती मिळाली, आणि बंदूक आत घेतल्याची व बाहेर दिल्याची नोंद नोंदवहीत माझ्या सहीनिशी झाली.

कागदपत्रांबाबत या दुकानाची मदत मोठी आहे. डीसी (जिल्हाधिकारी) कचेरीतले अर्ज बहुधा कन्नडमध्ये असतात आणि आमच्यासारख्या मराठी शाळेत शिकलेल्यांना कोणत्या रकान्यात काय लिहायचे ते उमगत नाही. बंदूक माझ्या नावावर करतेवेळी मालकांनी समोर बसून अर्ज भरून दिला आणि त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. परवानाधारकाने वयाची सत्तर वर्षे पूर्ण केली असतील किंवा बंदूक पंचवीस वर्षे त्याच्याकडे असेल, तर तो हयात असतानाच ती कायदेशीर वारसाच्या नावावर करण्याचा अर्ज करता येतो, ही २०१६ च्या नियमांतील सोय मला इथेच कळली. वडील ब्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांनी उभ्या आयुष्यात या बंदुकीने एक बार काढलेला नाही, पण दर निवडणुकीला ती पोलीस ठाण्यात जमा करून पावती जपून ठेवण्याचे काम मात्र त्यांनीच केले.

जाणाऱ्यांनी परवान्याची झेरॉक्स नव्हे, मूळ पुस्तिका न्यावी, तिच्यावर युआयएन, म्हणजे परवानाधारकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, चढला आहे ना ते आधी पाहावे, आणि बंदूक न चुकता कव्हरमध्ये, रिकामी करून न्यावी. मिस्त्री सकाळी अकराला येतात आणि दुपारी जेवायला जातात ते साडेतीनलाच परततात. चारनंतर बाक भरतो आणि मग कामाचे बोलणे होत नाही.